मँक्स गाडीचा जन्मशक

१

पोथीला एकच काल नसतो. ग्रंथ रचिला तो एक, समोरची प्रत उतरली तो दुसरा, आणि पुष्पिकेंत लिहिलेला कित्येकदां तिसराच. आदर्श प्रतीची पुष्पिका लेखकानें जशीच्या तशी उतरून घेतली म्हणजे शक स्पष्ट अक्षरांत असूनहि कागद मागाहूनचा निघतो, आणि अक्षरांवर विसंबावें कीं कागदावर, असा पेंच संशोधकापुढें पडतो. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस हा पेंच नित्याचा आहे. परंतु उत्तर कसेंहि आलें तरी त्यामुळें कोणाची पोथी जप्त होत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारींच्या एका वर्गाबाबत मात्र हाच प्रश्न मालकांच्या हक्काशीं येऊन भिडला आहे. सुट्या भागांच्या संचावरून घरीं जुळविलेल्या मोटारी, व त्यांतहि वाळूच्या टेकड्यांवर धांवणाऱ्या 'ड्यून बगी' नांवाच्या उघड्या गाड्या, यांचा जन्मशक कोणता हें तेथील राज्यांच्या नोंदणी खात्यांस ठरवावें लागतें. आणि तो प्रतिकूल ठरला तर वर्षानुवर्षें बाळगलेली गाडी रस्त्यावर आणण्याची सोय उरत नाहीं.

हा वाद वरवर यंत्राचा दिसला तरी मुळांत कागदाचा आहे. वस्तु स्वतःविषयीं एक सांगते, सरकारी दप्तर दुसरें सांगतें. दोहोंचा मेळ कसा बसवावयाचा, हा विषय आमच्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा नाहीं, असें समजून हें टिपण सादर करीत आहों.

२

प्रथम या गाडीचा पूर्ववृत्तांत. कॅलिफोर्नियांतील ब्रूस मायर्स (१९२६–२०२१) यांनीं चित्रकलेचें शिक्षण घेतलें होतें व नौकाबांधणीच्या धंद्यांत फायबरग्लास, म्हणजे कांचेच्या तंतूंवर राळ चढवून घडविलेला पदार्थ, हाताळण्यांत ते वाकबगार झाले होते. त्या काळीं पिस्मो बीच येथील वाळूंत हौशी लोक जुन्या मोटारींचीं कवचें उतरवून उघडे सांगाडे पळवीत असत. तो खेळ पाहून मायर्स यांनीं न्यूपोर्ट बीच येथील आपल्या गॅरेजांत सन १९६४ मध्यें फायबरग्लासची एक गाडी सिद्ध केली. तिचा मागचा भाग आंखूड असल्यामुळें आयल ऑफ मॅन बेटांतील बिनशेपटीच्या मांजरावरून तिच्या जातीस 'मँक्स' असें नांव मिळालें. आणि या पहिल्या गाडीस तिच्या रंगावरून पुढें 'ओल्ड रेड' म्हणूं लागले.

आरंभींच्या बारा गाड्यांत फायबरग्लासचें कवच हाच सांगाडा होता. ही रचना मजबूत, पण फार खर्चाची ठरली. म्हणून मायर्स यांनीं रीत बदलली, आणि आमच्या विषयाचा सारा गुंता या बदलांतून निघालेला आहे. नवी रीत अशी. एक जुनी फोक्सवागन बीटल घ्यावयाची. तिचें पत्र्याचें कवच बोल्टांनीं जोडलेलें असतें, तें उतरावयाचें. खालचा सपाट सांगाडा, ज्याला मोटारीच्या धंद्यांत शॅसी म्हणतात, मधून सुमारे १४ इंच कापून काढावयाचा व उरलेले दोन तुकडे पुन्हां सांधावयाचे. मग त्यावर नवें कवच बसवावयाचें. इंजिन, गियर, चाकांचे कणे, सुकाणू हें सर्व जुन्याच गाडीचें. कारखान्यांतून संच तेवढा निघे. गाडी तयार होई ती मालकाच्या अंगणांत.

सन १९६७ च्या एप्रिल महिन्यांत ओल्ड रेडनें मेक्सिकोंतील टिहुआना व ला पाझ यांमधला खडतर मार्ग ३४ तास ४५ मिनिटांत कापला, व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या द्वीपकल्पावरील पहिली शर्यत एका मँक्सनेंच २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. मागणी वाढली, आणि तिच्या मागोमाग नक्कल करणारेहि आले. तयार कवचावरून साचा घेणें सोपें. मायर्स यांचें पेटंट न्यायालयांत टिकलें नाहीं. आणि सन १९७१ मध्यें त्यांची कंपनी बंद पडली. तोंवर मूळचे पांच-सहा हजार संच विकले गेले होते. नकला त्याच्या कितीतरी पट झाल्या.

पुढें सन २०१४ मध्यें ओल्ड रेड राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहींत दाखल झाली. त्या वहींतील ती दुसरी गाडी होय. तिचा वृत्तांत व छायाचित्रें लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहासाठीं सिद्ध करण्यांत आलीं. एका वहींत हा मान, आणि तिच्याच जातीच्या इतर गाड्यांना दुसऱ्या वहींत जागा मिळण्याची पंचाईत, असा विलक्षण योग येथें आहे.

३

पंचाईत कशी, तें पाहूं. मोटारीस जन्मतः एक क्रमांक मिळतो व मालकीच्या दाखल्यावर तो लिहिलेला असतो. बीटलच्या बाबतींत हा क्रमांक मागील बैठकीखालीं, सांगाड्याच्या मधोमध जाणाऱ्या कण्यावर ठोकलेला आहे. कवच बदलतें, क्रमांक राहतो. त्यामुळें ज्यानें १९६१ सालची फोक्सवागन घेऊन १९६९ सालीं तिची बगी केली, त्यानें बहुधा जुनाच दाखला चालूं ठेवला. दप्तरांत त्याची गाडी १९६१ सालची फोक्सवागन आहे. रस्त्यावर ती १९६९ सालची मँक्स किंवा मँक्सची नक्कल आहे. ताम्रपटाच्या पाठीवर मागाहून दुसरें शासन कोरावें, आणि यादींत मात्र पहिल्याच शासनाची नोंद चालत राहावी, त्यांतलाच हा प्रकार.

यांतून इतिहासकारास एक धडा मिळतो. राज्यांच्या नोंदवह्या चाळून किती बग्या होत्या हें कोणी मोजूं म्हणेल तर तो फसेल. कारण त्या फोक्सवागनच्या रकान्यांत दडून बसल्या आहेत. त्यांची खरी मोजदाद करावयाची तर संचाच्या पावत्या, कवचावरील खुणा, जुनीं छायाचित्रें व मालकांच्या मंडळ्यांनीं जमविलेल्या याद्या यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

ज्यांच्याजवळ जुना दाखला सुरक्षित होता त्यांचें बहुतेक निभावलें. संकट आलें तें उरलेल्यांवर. कोणी सांगाडा भंगारांतून उचललेला. त्याचा कागदच नाहीं. कोणाचा सांगाडा गंजून गेल्यामुळें त्यानें नवा करवून घेतलेला; त्याबरोबर क्रमांकहि गेला. कोणी दाखला दाखविला, तर तपासणाऱ्यानें समोर फोक्सवागन कोठें आहे असें विचारलें. आपल्याकडे इनाम कमिशनपुढें सनद दाखवूं न शकलेल्या वहिवाटदाराची जी स्थिति झाली तिची येथें आठवण होते. भोगवटा खरा, पण अक्षर नाहीं.

४

वर्षाला इतकें महत्त्व कां, हें कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतें. लॉस एंजेलिसच्या खोलगट प्रदेशांत मोटारींचा धूर साठून हवा दूषित होऊं लागली, तेव्हां त्या राज्यानें धुराविषयीं इतरांच्या आधीं व इतरांहून कडक नियम केले. तेथें ठराविक मुदतीनें धुराची तपासणी करून घ्यावी लागते. १९७५ व त्यापूर्वींच्या वर्षांच्या मोटारींस तींतून सूट आहे. म्हणजे दाखल्यावरील वर्ष ही केवळ माहिती राहिली नाहीं. तें एक अधिकारपत्र झालें. घरीं जुळविलेल्या गाडीस तिच्या पहिल्या नोंदणीचें वर्ष दिलें तर तिच्या साध्या, हवेनें थंड होणाऱ्या इंजिनास त्या वर्षाच्या नव्या इंजिनाच्या कसोटीस उतरावें लागे, आणि तें अशक्य होतें. उलट जुनें वर्ष मिळालें तर गाडी सुटली.

अशा स्थितींत खोट्या नोंदी होऊं लागल्या यांत नवल नाहीं. १९६५ च्या सुमारच्या गाडीची प्रतिकृति असेल तर ती १९६५ चीच म्हणून नोंदवावी, अशी वाट कित्येकांनीं धरली. तपास सुरू झाला तेव्हां ज्यानें जाणूनबुजून कर व तपासणी चुकविली तो, आणि ज्याला विक्रेत्यानें सांगितलें तसें ज्यानें लिहिलें तो, असे दोघेहि एकाच जाळ्यांत सांपडले.

सन २००१ च्या कायद्यानें यावर एक तोड काढली. खाजगी उपयोगासाठीं, संचावरून किंवा नव्या-जुन्या भागांतून बांधलेल्या वाहनास 'विशेष रचनेचें वाहन' अशी संज्ञा आधींपासून होती. अशा वाहनांपैकीं दर वर्षीं पहिल्या ५०० अर्जदारांस नव्या कायद्यान्वयें सवलत मिळाली. राज्यानें नेमलेला पंच गाडी पाहतो. तिचें कवच किंवा तिचें इंजिन पूर्वींच्या कोणत्या वर्षाच्या गाडीशीं सर्वांत अधिक जुळतें तें ठरवितो. आणि कवच धरावें कीं इंजिन, ही निवड मालकाची. धुराच्या कामीं तें वर्ष प्रमाण मानावयाचें. मग ज्या गाडीचें पूर्वींच्या कोणत्याही गाडीशीं पुरेसें साम्य नसेल तिचें काय? तिचें वर्ष १९६० धरावें, असें कायदा सांगतो.

या शेवटच्या वाक्यापाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. पहिली मँक्स झाली १९६४ सालीं. तेव्हां साम्य नाहीं म्हणून एखाद्या बगीस १९६० हें वर्ष मिळालें, तर तिची जात पृथ्वीवर येण्यापूर्वीं चार वर्षें ती जन्मली असें होईल. कायद्याच्या दृष्टीनें यांत वावगें कांहीं नाहीं. हें मानीव वर्ष आहे आणि मालकास तें उपकारकच आहे. परंतु शंभर वर्षांनीं हें दप्तर ज्याच्या हातीं पडेल त्याला हा संकेत ठाऊक नसला, तर बगीचा उगम १९६० पूर्वीं गेला असा सिद्धांत तो निःशंकपणें मांडील, आणि पुराव्यादाखल सरकारी नोंदींचे उतारे देईल! अशा रीतीनें उभारलेले सिद्धांत आमच्या क्षेत्रांत थोडे नाहींत.

५

इतर कित्येक राज्यांनीं साम्याचेंच तत्त्व स्वीकारलें. मोटारीच्या विशेष सामानाचा व्यापार करणाऱ्यांच्या 'सेमा' नांवाच्या संघटनेनें एक नमुन्याचा मसुदा तयार केला; प्रतिकृति ज्या वर्षाच्या गाडीसारखी दिसते तें वर्ष तिला द्यावें, असा त्याचा आशय. पुढें सन २०१५ मध्यें मध्यवर्ती सरकारच्या कायद्यानेंहि लहान कारखानदारांस वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृति विकण्याची मोकळीक दिली. मूळ गाडी निदान २५ वर्षांपूर्वींची असावी ही अट. त्या कायद्याखालचे अंतिम नियम प्रसिद्ध होण्यास मात्र २०२२ साल उजाडलें.

हे सर्व कायदे मालकांच्या हिताचे आहेत हें मान्य करूनहि त्यांतील एक वैषम्य नजरेआड करतां येत नाहीं. १९३२ सालच्या फोर्डची हुबेहूब नक्कल करणारास लगेच पूर्वज मिळतो, आणि पूर्वजाबरोबर वर्षहि मिळतें. जी गाडी आपल्या काळीं अपूर्व होती, जिच्यासारखें आधीं कोणी केलें नव्हतें, तिला मात्र साम्य दाखवावयास जागा नाहीं. अनुकरणास कुल आहे, आणि नवनिर्मिति निराधार आहे! ग्रंथाच्या क्षेत्रांत हाच न्याय लावला तर टीकाकारास मूळ ग्रंथकाराचा शक मिळेल, आणि मूळ ग्रंथकारास कोणताच मिळणार नाहीं.

६

इंग्लंडानें हा प्रश्न निराळ्या मार्गानें सोडवूं पाहिला. तेथील नोंदणी खातें बदललेल्या गाडीस गुण देत असे. मूळचा, न बदललेला सांगाडा असेल तर ५, चाकांची झोळवणी, कणे, गियर व सुकाणू यांस प्रत्येकीं २, इंजिनास १. एकूण १४ पैकीं निदान ८ गुण मिळाले, व त्यांत सांगाड्याचे ५ असले, तरच जुना क्रमांक राहावयाचा. नाहीं तर १९८३ सालापासून अशा गाडीस 'क्यू' अक्षराची पाटी मिळे. या अक्षराचा अर्थ एवढाच कीं, गाडीचें वय किंवा ओळख निश्चित नाहीं.

आमच्या न्यायशास्त्रांत अवयव व अवयवी यांचा जो वाद आहे तो जाणणारांस ही गुणपद्धति मोठी मनोरंजक वाटेल. पटांतील कांहीं तंतु काढून घेतले म्हणजे पूर्वींचा पट नष्ट होऊन त्या जागीं खंडपट नांवाचा नवा अवयवी उत्पन्न होतो, असें नैयायिक मानतात. आतां बगीचा सांगाडा १४ इंच कापलेला असतो. न बदललेला सांगाडा हवा असा नियम अक्षरशः लावला म्हणजे बगीला ५ गुण मिळत नाहींत. इंजिन, कणे, गियर, सुकाणू सारें मूळचें असलें तरी जुनी गाडी नष्ट झाली आणि नवी जन्मली असेंच ठरतें. इंग्रज कारकून येथें नकळत नैयायिक झाला. कॅलिफोर्नियाचा पंच अवयवीच्या भानगडींत पडत नाहीं. तो रूप पाहतो आणि साम्यावरून निर्णय देतो.

'क्यू' ही नोंद संशोधक या नात्यानें आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटते. काल अनिश्चित असेल तर तो अनिश्चित आहे असें लिहावें, ही तर संशोधनाची पहिली शिस्त. पण या प्रामाणिकपणाची किंमत मालकास द्यावी लागे: त्या पाटीपूर्वीं गाडी एका कडक तपासणींतून पार पडावी लागे, व पाटी लागल्यावर विक्रींत तिचें मोल उतरे. सन २०२५ च्या ऑगस्टांत इंग्रज सरकारनें हे नियम बदलले व मोठा फेरफार झालेल्या गाडीलाहि, खात्यास कळविल्यास, मूळचा क्रमांक राखण्याची सोय केली.

७

मालकांची भीति अनाठायीं नाहीं, हें दाखविण्यास कान्सास राज्यांतील एक प्रकरण पुरें आहे. ती गाडी बगी नव्हती. १९५९ सालची कॉर्व्हेट होती. तथापि मुद्दा तोच. एका गृहस्थानें ती दुसऱ्या राज्यांत विकत घेऊन सन २०१७ मध्यें नोंदणीसाठीं नेली. तपासणींत असें दिसलें कीं, क्रमांकाची पट्टी पूर्वीं कोणीतरी काढून पुन्हां बसविली आहे. जीर्णोद्धार करणारे कारागीर रंगकामाच्या वेळीं असें करतात. पण त्या राज्याच्या तत्कालीन कायद्यानें अशी गाडी निषिद्ध मालांत जमा होई व तिचा नाश करावा लागे. मालक निरपराध आहे हें सरकारास मान्य होतें. तरीहि गाडी जप्त झाली. खटला वर्षानुवर्षें चालला, सन २०२२ मध्यें विधिमंडळानें कायदा बदलला, आणि मग गाडी परत मिळाली.

जीर्ण पोथीचीं पानें सुटीं करून नव्या बांधणींत बसवितांना शिक्क्याचें पान क्षणभर बाजूस काढलें, एवढ्यावरून सबंध पोथी अग्नींत टाकण्याची आज्ञा व्हावी, असा हा प्रकार होता. कायद्याचा हेतु चोरांस पकडण्याचा; तडाखा बसला तो जतन करणाऱ्यास.

८

सरकारची बाजू दुबळी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. चोरलेल्या मोटारीचे सुटे भाग विकणारे व क्रमांक खोडणारे खरोखरच आहेत. धूर खरा आहे. घरीं सांधलेला सांगाडा रस्त्यावर तुटला तर तो मालकाबरोबर दुसऱ्याचाहि जीव घेईल. तेव्हां तपासणी नको म्हणणें शहाणपणाचें नव्हे. दोष तपासणींत नाहीं. वहीच्या आंखणींत आहे, असें आमचें मत झालें आहे.

त्या वहींत वर्षासाठीं रकाना एकच. वस्तूला मात्र काल दोन: सांगाडा घडला तो, आणि गाडी जुळविली तो. एका रकान्यांत दोन काल मावत नाहींत. मग मालकास एक लपवावा लागतो, पंचास साम्यावरून तिसरा कल्पावा लागतो, आणि कायद्यास १९६० सारखा चौथा निर्माण करावा लागतो. हस्तलिखितांच्या सूचींत रचनाकाल व लेखनकाल आपण निरनिराळे देतों. त्यामुळें नवी प्रत जुनी ठरत नाहीं, व जुना ग्रंथ नवा ठरत नाहीं. नोंदणीच्या वहींतहि दोन रकाने असावेत: 'सांगाडा अमुक सालचा, जुळणी अमुक सालची.' धुराचा नियम यांपैकीं कोणत्या सालाला लावावयाचा हें कायदेमंडळानें खुशाल ठरवावें. तो धोरणाचा प्रश्न आहे. परंतु सत्य सांगितल्यामुळें गाडी गमवावी लागेल, अशी पाळी कोणावर आणूं नये. कारण ज्या दप्तरांत खरें लिहिणारास शिक्षा होते तें दप्तर लवकरच खोट्यानें भरतें, आणि मग तें सरकारच्या कामाचें राहत नाहीं व इतिहासाच्याहि नाहीं.

मालकांस व संग्राहकांस आमची सूचना एवढीच: जुन्या फोक्सवागनचा दाखला, संचाची पावती, कापण्यापूर्वींचें व नंतरचें छायाचित्र, आणि क्रमांकाचा ठसा, हे चार कागद एकत्र बांधून गाडीबरोबरच पुढील मालकाच्या स्वाधीन करावेत. क्रमांकाची पट्टी हलवावी लागलीच तर कोणी, केव्हां व कां हलविली हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. यामुळें प्रत्येक ठिकाणीं नोंदणी होईलच असें नाहीं. परंतु कालनिर्णयाचा प्रसंग आला म्हणजे वस्तूच्या बाजूनें बोलावयास हेच साक्षीदार पुढें येतात. इत्यलम्.